पारूबाईच्या रॅकवरची काच

माझा धंदा काचेचा. बोईसरला सालवडच्या रस्त्यावर पंचवीस वर्षं काच आणि प्लायवूड विकतोय, आणि कृष्णकांत सावे तोंडाचा फटकळ आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. विजया, आमच्या सौभाग्यवती, म्हणतात, तुमच्या दुकानात कटरने कमी आणि तुमच्या जिभेने जास्त कापलं जातं. असेल. पण मला माझ्याच गल्ल्यावर गप्प बसवणारं गिऱ्हाईक पंचवीस वर्षांत एकच भेटलं, आणि ते भाकरी विकतं.

पारू पहिल्यांदा आली ती हातात सुतळीचा तुकडा घेऊन. पन्नाशीची, बुटकी, काळीसावळी, साडी घोट्याच्या चांगलीच वर खोचलेली. सुतळीला तीन गाठी मारलेल्या होत्या. ती तिने माझ्यापुढे टेबलावर सरळ करून ठेवली.

"ह्या गाठीपासून ह्या गाठीपर्यंत लांब. हितून हितपर्यंत रुंद. काच दे."

"बाई, माप फूट-इंचात आणा. ही सुतळी आहे, ताणली की वाढते."

"मंग ताणू नको," ती म्हणाली.

मला राग आला. एक तर वर उत्तर, आणि त्यातून एकेरी. नंतर कळलं की ती सगळ्यांनाच एकेरी बोलते. मनोरच्या पुढे डोंगरात जिवल्यापाडा आहे, तिथली ही वारलीण. तिच्याकडे देवालाही तू आणि तलाठ्यालाही तू. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, काच हवी कशाला? घरात आरसा लावायचाय का?

"रॅकवर टाकायची हाय. भाकरीच्या."

भाकरीच्या रॅकवर काच! मी हसलो. दुकानातले दोघे जण हसले. ती हसली नाही. आमचं हसून होईपर्यंत उभी राहिली आणि मग तिने सगळं सांगितलं. रागाने नाही, भाव सांगावा तसं.

कुंभवलीच्या अंगाला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका कंपनीच्या गेटासमोर तिची बारा वर्षांची बैठक आहे. त्याआधी ती वीटभट्टीवर होती. भात कापून झालं की नवऱ्याबरोबर, देवूबरोबर, भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, अशी तिची निम्मी जवानी गेली. मग त्याच कंपनीत कंत्राटावर पावडरीच्या गोण्या शिवायला लागली. आठ वर्षं शिवल्या. खोकला धरला तेव्हा सोडलं आणि गेटासमोर ताडपत्री ताणून भाकऱ्या थापायला बसली. जुन्या मॅनेजरने जागा दिली होती, तोंडी. तांदळाची भाकरी, सुका जवळा, लसणाची चटणी, उडदाचं कालवण. भय्या लोकसुद्धा तिच्याकडे जेवतात आणि जाताना "माई, कल करेला बनाना" असं सांगून जातात.

आता मॅनेजर नवा आणि त्याच्या हाताखाली सुजित नावाचा एक साहेब. पॅकिंगमधल्या एका कामगाराचं पोट बिघडलं. त्याने रात्री कुठे काय खाल्लं ते कुणी विचारलं नाही. बोट दाखवलं पारूकडे. सुजितसाहेब येऊन म्हणाले, अन्न उघडं आहे, घाण बसते. पारूने दुसऱ्या दिवशी जुन्या फ्लेक्सचा तुकडा वरून टाकला. साहेब म्हणाले, झाकलंय म्हणजे आत काहीतरी लपवलंय. मग कंपनीच्या कागदावर नोटीस आली. अमुक तारखेला पाहणी होईल, अस्वच्छता आढळल्यास जागा खाली करावी लागेल.

"उघडं ठेवलं तर घाण, झाकलं तर चोरी," पारू म्हणाली. "झाकायचं बी आन् दिसायला बी पायजे. असं काय असतं? काच असती. म्हणून आले."

खरं सांगतो, इतका सरळ विचार करून माझ्याकडे एकही आर्किटेक्ट आलेला नाही.

पण हे मी तेव्हा बोललो नाही. जाड काच काढली, सुतळी न ताणता माप घेऊन कापली, कडा घासून दिल्या. तरी मनात होतं की ही काच बसायची नाही. म्हणून टेम्पोबरोबर मी स्वतः गेलो, तिची फजिती बघायला. रॅक भंगारातला, कधीतरी कुठल्या ऑफिसात फायली सांभाळलेला, लोखंडी अँगलचा. बाजूंनी तिने मच्छरदाणीची जाळी शिवून घेतली होती. ताडपत्रीच्या पुढे, गिऱ्हाइकाच्या छातीएवढा, रस्त्याकडे तोंड करून तो उभा होता. वरचा पत्रा तिने आधीच काढून ठेवला होता. चारही कोपऱ्यांत रबराचे तुकडे लावले, कारण तिथून दिवसभर टँकर जातात आणि काच नुसत्या लोखंडावर राहिली तर हादऱ्यानेच तडकेल. मग काच सोडली. डब्यावर झाकण बसावं तशी बसली. एका केसाचा फरक नाही.

"सुतळी ताणली नाय ना?" पारूने विचारलं. मी टेम्पोत जाऊन बसलो.

आठ दिवसांनी ती परत आली. काच डोक्यावर, गोणपाटात गुंडाळलेली. उलगडून दाखवली तर मला धक्काच बसला. चकाकती काच पार आंधळी झाली होती. सगळ्या अंगावर बारीक ओरखडे, गोल गोल, घासल्याचे. आतलं काही म्हणता काही दिसलं नसतं.

"तुझी काच खोटी," ती म्हणाली.

आता मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या काचेला खोटी म्हणायचं! मी विचारलं, कशाने पुसलीत? म्हणाली, राखेनं. मी कपाळाला हात लावला आणि मग नको ते बोललो. म्हणालो, बाई, काच ही वस्तू सगळ्यांसाठी नाही, काच वापरायची तर वापरण्याची अक्कल लागते, राखेने टोपं घासतात, काच नाही.

माझी बायको नेमकी जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

पारूने काच माझ्यापुढे सरकवली. "माझी आय कंदिलाची काच राखेनंच पुसायची," ती म्हणाली. "मी बी पुसलीय. पोर होते तवापासून. एक चरा नाय पडला कधी. आमच्या पाड्यावर कंदील होते तवा तुझ्या दुकानात काच बी नसंल."

"आणि माझ्या सासूबाईसुद्धा," दारातून विजया म्हणाली. "माहीमच्या घरी रोज संध्याकाळी. तुम्हीच काच धरून बसायचात म्हणे. विसरलात?"

विसरलो होतो. आईची बोटं काळी व्हायची आणि काच पाण्यासारखी, हे एकदम आठवलं. एखाद्याला दुसऱ्याची चूक दाखवण्याची घाई असली की त्याला आपल्या आईचीही आठवण राहत नाही. माझ्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. पण मी दुकानदार, तोंडात मारून न घेता प्रश्न विचारला.

"राख कुठून आणली?"

"कंपनीतून. बॉयलरची. मागं ढीग पडलेला असतो."

इथेच सगळा घोटाळा होता. पारू पाड्यावर असती तर ही चूक तिच्याकडून झालीच नसती. तिथे राख म्हणजे चुलीतली, लाकडाची, हातात घेतली तर पिठासारखी. इथे कुंभवलीत ती भाड्याने राहते त्या खोलीत गॅस. चूल नाही म्हणून राख नाही, आणि राख दिसली ती बॉयलरची. ती कोळशाची, तिच्यात खडे, कच, काचेहून कडक असं काय काय. राख ती राख, असं तिने धरलं. मी तिला समजावून सांगितलं. बोटाला ती राख लावून चोळायला सांगितलं, कारण थोडी तिच्या गोणपाटाला चिकटलेलीच होती. तिने दोन बोटांत चोळली आणि तिचा चेहरा पडला. तेवढा एकदाच पडलेला मी पाहिला.

"हां," ती म्हणाली. "ही राख नाय. ही वाळू हाय." आणि लगेच, "दुसरी काप. सुतळी हाय ना तुझ्याकडं?"

सुतळी होती. मी जपून ठेवली होती, का ते विचारू नका. दुसरी काच कापली आणि तिच्या हातात काच पुसण्याच्या औषधाची निळी बाटली ठेवली. भेट म्हणून. थोडी लाज वाटत होती ना. तिने झाकण उघडून वास घेतला आणि बाटली परत टेबलावर ठेवली.

"भाकरीला वास लागंल," ती म्हणाली. "आठ वर्सं असलेच वास खाल्ले मी. आता माझ्या गिऱ्हाइकाला नाय खायला घालायची."

त्या रविवारी देवू पाड्यावरून आला, तो पिशवीभर चुलीची राख घेऊन. पारूने ती जुन्या सुती साडीतून दोनदा गाळली, पत्र्याच्या डब्यात भरली. मी ते बघायलाच गेलो होतो. ओल्या फडक्यावर चिमूटभर राख, हलक्या हाताने वरून खाली, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. बोअरचं पाणी तिने वापरलं नाही, त्याचे पांढरे डाग पडतात म्हणाली. पिण्याचं वापरलं. पुसून झाल्यावर ती वाकून, एक डोळा मिटून, उजेडाकडे तिरकं बघते. कुठे पट्टा राहिला असेल तर तिरकंच दिसतो. मी माझ्या कारागिरांना हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय. काच अशी झाली की भाकऱ्यांवर माशी बसायला आली आणि काचेला धडकून गेली.

घरी येऊन मी गुपचूप राख गाळली आणि दुकानाची पुढची काच पुसली. निळ्या बाटलीपेक्षा बरी निघाली. विजयाला सांगितलं नाही. तिला दिसलंच.

पाहणीच्या दिवशी मी दुकान कारागिरांवर सोडून गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण परीक्षा माझ्या काचेचीही होती. आणि खरं कारण सांगायचं तर भीती वाटत होती. ती जागा गेली तर पारूकडे दुसरं काही नव्हतं. पाड्यावरची शेती पावसावरची, वर्षाचं खाणंही पुरत नाही. पुन्हा भट्टी, ती या वयात. वाटेतच मी ठरवलं होतं, तिला म्हणायचं, की बाई, आज जरा अहो-जाहो करा, दोन गोड शब्द बोला. पोचलो तेव्हा ती पहाटेपासून दोनदा पुसून झालेली काच तिसऱ्यांदा पुसून तिरकी बघत होती. मी सल्ला दिला. ती म्हणाली, "तूच बोल गोड. तुला तरी कुठं जमतं?"

अकराच्या सुमाराला सुजितसाहेब आले, दोघांना घेऊन. वय तिशीचं, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात नोटिशीची प्रत. माणूस वाईट नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याला वरून सांगितलेलं होतं आणि त्याने ते खाली करायचं होतं. त्याने रॅकभोवती एक फेरी मारली. आत भाकऱ्या, डबे, सगळं लख्ख दिसत होतं. शोधायला काही सापडेना. मग त्याने काचेवर एक बोट फिरवलं आणि वर धरलं.

बोट काळं.

दहा मिनिटांपूर्वीच तर पुसली होती! वर बघितलं तर समोर कंपनीच्याच चिमणीचा धूर वाऱ्याने आमच्याच अंगावर येत होता.

"पारूबाई, हे काय?" साहेब म्हणाले. "हे लोकांच्या पोटात जातं."

दहा-बारा कामगार जमले होते. पारूने डबा उघडला, फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर काच पुसली, सावकाश, वरून खाली. कोरडं फडकं फिरवलं, तिरकं बघितलं. "आता फिरव बोट."

त्याने फिरवलं. बोट स्वच्छ.

"तुझी नोटीस दे," ती म्हणाली.

त्याच्या हातातला कंपनीचा कागद तिने घेतला, काचेच्या मधोमध ठेवला आणि वर एक गुळगुळीत दगड ठेवला. म्हणाली, "आता कुणी हिला हात लावायचा नाय. मी बी नाय. जेवणाचा भोंगा झाला की परत ये. नाय आलास तर मी आत येईन, कागद घेऊन."

साहेबांच्या बरोबरचा एक जण हसला. साहेब हसले नाहीत. दोन तास आहेत, कामं आहेत, वगैरे काहीतरी बोलून ते गेटाच्या आत गेले. मी तिला म्हणालो, अहो, हात जोडले असते तर काय बिघडलं असतं? तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने एक भाकरी मागून घेतली. सुंभ जळेल, पण या बाईचा पीळ जायचा नाही.

एकचा भोंगा झाला. साहेब आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. बहुधा गेटाशी आता शंभरेक माणसं उभी आहेत हे आतून दिसलं असावं. पारूने दगड उचलला. मग कागद, एका कोपऱ्याला धरून, अलगद.

कागदाखाली काच पाण्यासारखी होती. अगदी कागदाएवढी चौकोनी, तिच्यातून खालच्या भाकऱ्या दिसत होत्या. आणि त्या चौकोनाच्या चारही बाजूंना सगळीकडे बारीक काळी भुकटी. कागदाच्या वरच्या बाजूलाही तीच, कंपनीच्या नावावर सुद्धा.

"ह्या कागदाखालची माझी," पारू म्हणाली. "बाकीची तुमची. माझ्याकडं गॅस हाय, चूल नाय. ही वरून पडते ती कुटून येते ते सांग, मंग माझी जागा उचल."

काही जण आपल्या शर्टाच्या बाह्यांकडे बघत होते.

"हे सगळीकडेच आहे, पारूबाई," साहेब हळूच म्हणाले. "पूर्ण एरियात आहे."

"मंग पूर्ण एरिया उचल. माझ्यापासून कशाला सुरू करतोस?"

साहेबांनी कागद घेतला. झटकावा की नाही असं क्षणभर झालं त्यांना. न झटकता घडी घातली, खिशात ठेवला आणि आत गेले. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला काळा डाग पडलेला मी पाहिला.

नंतरचे पंधरा दिवस माझी झोप उडाली होती, पारूची नाही. दुसरी नोटीस येईल, रात्रीतून ताडपत्री उचलतील, असं मला वाटत होतं. काहीच आलं नाही. कुणी तोंडानेही काही बोललं नाही. आणि एवढ्यावर एखाद्या शहाण्या बाईने गप्प बसून भाकऱ्या विकल्या असत्या. पारूने मात्र काचेच्या बरोबर मधोमध रबराची एक पट्टी चिकटवली. सकाळी सगळी काच पुसायची, आणि त्यानंतर दिवसभर डावी बाजू तासातासाला पुसायची, उजव्या बाजूला संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. तीन वाजता येणाऱ्या माणसाला डावीकडे भाकऱ्या दिसायच्या आणि उजवीकडे काही दिसायचं नाही. लोक विचारायचे. ती सांगायची. सगळ्यांना, एकाच आवाजात, चटणी वाढता वाढता. मी म्हटलं, पारूबाई, आता पुरे, जिंकलात की. ती म्हणाली, "जिंकायला मी काय कबड्डी खेळतेय? पडायची बंद झाली का ती?"

गेल्या महिन्यात मी तिथे जेवत होतो. कंपनीत मोठे साहेब लोक येणार होते, गेटापाशी कुंड्या मांडणं चाललं होतं. सुजितसाहेब घामाघूम होऊन बाहेर आले.

"पारूबाई, आजच्या दिवस ती उजवी बाजू पुसा ना. गाड्या इथूनच जाणार."

"ती माझी नाय," पारू म्हणाली. भाकरी उलटून तिने राखेचा डबा आणि फडकं त्यांच्या पुढे सरकवलं.

त्यांनी गेटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी कालवणात बघितलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि फडकं ओलं केलं. राख जास्त घेतली. पारूने सांगितलं, चिमूटभर. त्यांनी कमी केली. वरून खाली, तिने सांगितलं. त्यांनी तसं केलं. मग पाण्याचं फडकं, मग कोरडं. गेटावरचा वॉचमन कुंडी हातात घेऊन तसाच उभा होता.

झाल्यावर पारू उठली, वाकली, एक डोळा मिटून काचेकडे तिरकं बघितलं.

"कोपरा राहिला तुझा," ती म्हणाली.

साहेबांनी तो कोपरा पुसला. तिने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि उजव्या बाजूच्या काचेखालची गरम भाकरी काढून वाढली. त्यांनी ती खाल्ली, आणखी एक मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. डावी बाजू चकचकीत होती. उजवी काळी होती. आणि राखेचा डबा पारूने आपल्या बाजूने उचलून उजवीकडे, गेटाच्या अंगाला ठेवला होता.